दोन अश्वशक्तीची कडबा कुट्टी : छोट्या गोठ्यासाठी कितपत उपयोगाची?

खानदेशातल्या छोट्या गोठ्याचा जमाखर्च दुधाच्या भावापेक्षा वैरणीच्या गंजीवर अधिक अवलंबून असतो. दुधाचा भाव डेअरी ठरवते आणि सरकी ढेपेचा भाव बाजार. आपल्या हाती उरतो तो घरच्या शेतातला कडबा, आणि त्यातला किती जनावराच्या पोटात जातो व किती पायाखाली तुडवला जातो, एवढाच हिशेब. सिंगल फेजवर चालणाऱ्या दोन अश्वशक्तीच्या कडबा कुट्टी यंत्राचे हे परीक्षण त्याच हिशेबाने केले आहे. अमळनेर तालुक्यातील आमच्या गोठ्यात दोन म्हशी, तीन गायी आणि डझनभर शेळ्या आहेत, आणि मोटारीसह बावीस हजारांच्या आसपास पडलेले हे यंत्र आता दोन उन्हाळे वापरून झाले आहे. बनावटीचे नाव मुद्दामच देत नाही. एकाच ओतकामाचा सांगाडा वेगवेगळे रंग आणि वेगवेगळी नावे लावून विकला जातो, त्यामुळे नाव कोणते यापेक्षा यंत्रात काय पाहून घ्यावे हे सांगणे अधिक कामाचे आहे.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारी दादर ज्वारी आपल्याकडे धान्याइतकीच कडब्यासाठी पेरली जाते. तिचा धांडा पुरुषभर उंच आणि बुडाशी जाड असतो. पेंढी सोडून अख्खी गव्हाणीत टाकली की जनावर आधी पाने ओरबाडते, मग शेंड्याकडचा नरम भाग खाते आणि हातभर लांबीचे बुडखे बाजूला लोटते. एकदा त्यावर शेण-मूत पडले की ते उकिरड्याचेच धन. आमच्याकडे अशा रीतीने सुमारे चौथा हिस्सा कडबा वाया जात असे. कुट्टी केल्यानंतर पाने आणि बुडखे एकत्र मिसळतात, जनावराला निवड करायला वाव राहत नाही, आणि सकाळी गव्हाण झाडताना मूठ-दोन मुठीच काय ते उरते.

याचा पैशांतला अर्थ मांडून पाहू. पाच मोठ्या जनावरांना दिवसाला प्रत्येकी पाच किलो कडबा धरला, तर चैत्रापासून आषाढापर्यंतच्या चार महिन्यांत तीन हजार किलो लागतो. दोन किलोची पेंढी धरली तर त्या दीड हजार पेंढ्या झाल्या. शेकडा अडीच हजारांचा भाव धरून चौथा हिस्सा वाचला, म्हणजे पावणेचारशे पेंढ्या आणि नऊ हजार तीनशे पंचाहत्तर रुपये वाचले. वैरणीचा भाव दरवर्षी हलतो, त्यामुळे हा आकडाही हलेल. पण अडीच उन्हाळ्यांत यंत्राची किंमत वसूल होते, हे गणित निदान पाच जनावरे असतील तर टिकते. एक म्हैस आणि एक वासरू एवढाच पसारा असलेल्या घराने मात्र मोटारीच्या यंत्रात पैसे गुंतवू नयेत; त्यांना हाताने फिरवायची चाकाची कुट्टी किंवा भिंतीला ठोकलेली अडकित्ती पुरते.

यंत्र विकणारे हमखास सांगतात की कुट्टीने दूध वाढते. हे अर्धेच खरे आहे. धांड्याचे तुकडे केल्याने त्यातली प्रथिने वाढत नाहीत, आणि वाळल्या कडब्यात ती मुळातच जेमतेम असतात. चारशे किलो वजनाच्या दुभत्या जनावराला दिवसाला दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ लागतो आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा वैरणीतून यावा लागतो. पूर्वी हा वाटा अपुरा पडत असेल आणि कुट्टीमुळे तो भरून निघाला, तर दूध थोडे वाढलेले दिसते. ज्याच्या जनावरांचे पोट आधीच भरत होते, त्याची बचत वैरणीत दिसेल, चरवीत दिसणार नाही.

उलट, कुट्टी फार बारीक केली तर नुकसानच होते. या यंत्रात गिअर बदलून तुकड्याची लांबी अर्धा इंच किंवा एक इंच ठेवता येते. बारीक कुट्टी दिसायला सुबक असते आणि पाहणाऱ्यालाही बरी वाटते. परंतु तुकडा फार लहान झाला की जनावर रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते, पोटातली आम्लता वाढते आणि दुधाची फॅट उतरते. डेअरीत म्हशीच्या दुधाचे पैसे फॅटवर मिळत असल्याने हा फटका थेट पावतीवर उमटतो. आमच्याकडे कडब्यासाठी गिअर कायम एक इंचावर असतो.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. दुकानात उभे असताना बहुतेकांचे लक्ष मोटारीकडे जाते, पण यंत्राचा जीव पात्यात असतो. जड चाकावर बसवलेली दोन पाती फिरतात आणि तोंडाशी बसवलेल्या स्थिर पट्टीवर धांडा कातरला जातो. फिरते पाते आणि ही पट्टी यांच्यातली फट वहीचा एक कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. फट वाढली की धांडा कापला जाण्याऐवजी चेचला जातो, पाने लांबच्या लांब तशीच बाहेर पडतात, मोटारीचा आवाज जड होतो आणि चाक फिरवणारा पट्टा घसरून जळका वास येऊ लागतो. आमच्या यंत्राची पाती पहिल्याच हंगामात अपेक्षेपेक्षा लवकर बोथट झाली. पोलाद हलके होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती बदलून आणलेली, भारी पोलादाची पाती दुप्पट टिकली आहेत. त्यामुळे यंत्र घेतानाच पात्यांचा एक जादा जोड घ्यावा, आणि आपल्या चाकाची भोके बाजारात मिळणाऱ्या पात्यांशी जुळतात की नाही हे तिथेच लावून पाहावे.

धार लावणे हे काम वाटते तितके सोपे नाही. धार फक्त उताराच्या बाजूने लावायची असते. सपाट बाजूला सहाण लावली की पाते पट्टीला टेकून बसत नाही. गावातल्या लोहाराने ग्राइंडरवर धार लावताना मध्ये मध्ये पाते पाण्यात बुडवले आणि एवढेच सांगितले, “आप्पा, पाते निळे पडले म्हणजे त्याचे पाणी (कडकपणा) उतरले, मग ते कितीही घासा.” दोन्ही पाती सारख्या वजनाची राहतील इतकीच घासली पाहिजेत, नाहीतर चाक थरथरते आणि बेअरिंग खाते. रोजच्या वापरात साधारण पंधरवड्याने धार आणि त्याच वेळी फटीची तपासणी, एवढी शिस्त पाळली तर हे यंत्र कुरकुर करत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र या यंत्राला मी कमी गुण देतो. वैरण आत ओढणारे दातेरी रोलर तोंडापासून इतके जवळ आहेत की घास सारताना बोटे सहज तिथवर पोचतात. यंत्र उलटे फिरवणारा दांडा दिला आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तो चाकाच्या पलीकडच्या बाजूला आहे, आणि ज्याचा हात आत ओढला गेला आहे त्याचा दुसरा हात तिथे पोचत नाही. कागदावर सोय आहे आणि प्रसंगी ती निरुपयोगी आहे, असा हा प्रकार. बहुतेक घरांत सकाळची कुट्टी बायका करतात. पदर, बांगड्या, ओढणी यांचा विचार यंत्र घडवणाऱ्याने केलेला दिसत नाही. आम्ही तोंडावर दीड फूट लांबीचे पत्र्याचे झाकण वेल्डिंग करून बसवले, म्हणजे हात रोलरपर्यंत पोचतच नाही, आणि चालू-बंद करण्याचे बटण वैरण घालणाऱ्याच्या डाव्या हाताशी आणले. पट्ट्यावरची जाळीही वेगळी करून घ्यावी लागली. या तिन्ही गोष्टी कारखान्यातूनच यायला हव्यात. त्यांना लागणारा पत्रा काही फार महाग नसतो.

पेंढी यंत्रात घालण्याआधी बांधाची तार, खिळा किंवा तुटका विळा आत नाही ना हे बघणे अत्यावश्यक आहे. पात्याचे दात पडतात हे नुकसान लहान. तारेचा तुकडा कुट्टीतून जनावराच्या पोटात गेला तर तो जाळीपोटातून (पोटाच्या दुसऱ्या कप्प्यातून) पुढे सरकत हृदयापर्यंत टोचू शकतो. अख्ख्या धांड्याबरोबर आलेली तार जनावराच्या तोंडाला निदान जाणवण्याची शक्यता असते, कुट्टीत ती दिसतही नाही.

दुकानदाराने सांगितलेली ताशी पाचशे किलोची क्षमता हिरव्या मक्यावर जवळपास खरी ठरते. वाळलेल्या दादरीवर ती निम्म्याच्याही खाली येते. तरीही पाच जनावरांचा दिवसाचा कडबा दहा-पंधरा मिनिटांत निघतो, आणि दोन अश्वशक्ती म्हणजे साधारण दीड किलोवॉट असल्याने रोजचा वीजखर्च अर्ध्या युनिटच्या आतच राहतो. विजेची खरी अडचण वेगळी आहे. शेतातली थ्री फेज वीज पाळीने येते, तिच्या वेळा जनावरांच्या वेळांशी जुळत नाहीत. म्हणून घराजवळ सिंगल फेजचे यंत्र सोयीचे पडते. पण मे महिन्यात संध्याकाळी दाब इतका उतरतो की मोटार नुसती घुमते, आणि तशीच चालू ठेवली तर आधी कपॅसिटर जातो, मग गुंडाळी जळते. कुट्टी सकाळी लवकर करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना जनावरे दुपारी खातही नाहीत. पहाटे आणि रात्री, थोडे पाणी शिंपडून दिलेली कुट्टी ती अधिक आवडीने खातात आणि धुरळाही बसतो.

हिरव्या वैरणीवर यंत्राची वागणूक बदलते. संकरित नेपिअर गवत आणि मका ते सहज कापते. केळीच्या खोडावर मात्र ते हरते. चोपडा, यावल, रावेर भागात घड काढल्यावर खोडांची कमी नसते आणि टंचाईत ती जनावरांना घातलीही जातात. परंतु खोडाचा लांब धागा रोलरभोवती गुंडाळत जातो आणि काही वेळाने सगळे यंत्र उघडून कोयत्याने तो सोडवावा लागतो. शिवाय खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे एवढ्या खटाटोपातून पोटाला मिळते थोडेच. खोड घालायचेच असेल तर कोयत्याने चकत्या करून कडब्याच्या कुट्टीत मिसळणे बरे.

मुरघासासाठी हे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न अनेकजण विचारतात. मका दाणा चिकात असताना कापून, बारीक तुकडे करून, हवा राहणार नाही असा दाबून भरायचा आणि पंचेचाळीस दिवसांनंतर उघडायचा, ही रीत आता गावोगावी माहीत झाली आहे. पन्नास-पन्नास किलोच्या पिशव्या थोड्या थोड्या भरायच्या असतील तर हे यंत्र पुरते. खड्डा किंवा टनभराची बॅग भरायची असेल तर भरणी एका दमात संपली पाहिजे, आणि दोन अश्वशक्तीची मोटार तितका वेळ सलग चालवली की हात लावता येणार नाही इतकी तापते. त्या दिवसापुरते ट्रॅक्टरवर चालणारे मोठे यंत्र भाड्याने आणणे शहाणपणाचे आहे.

शेळ्यांबाबत सांगायचे तर, केवळ शेळ्या पाळणाऱ्याने या यंत्रावर खर्च करण्याचे कारण नाही. शेळी मुळात शेंडे खुडणारे जनावर आहे. जमिनीवर पडलेले, धुळीचे किंवा दुसऱ्या जनावराने हुंगलेले ती खात नाही. सुबाभूळ, शेवरी, बोर यांच्या फांद्या डोक्याच्या उंचीवर टांगून दिल्या की तिचे काम होते. सुबाभळीतल्या मिमोसीन या विषारी घटकामुळे तिचा वाटा एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक ठेवू नये, एवढेच. तूर आणि हरभऱ्याचे कुटार शेळीला मुळातच बारीक मिळते. आमच्याकडे शेळ्यांनी पाला खाऊन टाकलेल्या कोवळ्या काड्या तेवढ्या यंत्रातून काढून म्हशींच्या कुट्टीत मिसळल्या जातात, आणि गोठ्यातून उकिरड्यावर जाणारी वैरण जवळजवळ थांबली आहे. जे थोडे उरते ते बारीक असल्याने शेणखतात लवकर कुजते. पूर्वी अख्खे बुडखे वर्षभर न कुजता शेतात नांगराला अडकत, तो त्रास गेला.

खरेदीविषयी दोन गोष्टी. कडबा कुट्टी यंत्र राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत येते, परंतु पूर्वसंमती मिळण्याआधी केलेल्या खरेदीला अनुदान मिळत नाही. त्यामुळे अर्ज आधी, बिल नंतर, हा क्रम सोडू नये. ज्या दुकानातून आम्ही यंत्र घेतले, तिथे विक्रीपूर्वी चहा मिळाला आणि विक्रीनंतर फोन उचलला गेला नाही. गिअरपेटीतून तेल गळू लागले तेव्हा दुकानाने कारखान्याकडे बोट दाखवले आणि कारखान्याने दुकानाकडे. शेवटी गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्यानेच ऑइल सील बदलून दिले. मोटारीची हमी आणि यंत्राची हमी या दोन वेगळ्या असतात, त्यांची कार्डेही वेगळी असतात. दोन्हींवर तारीख, मोटारीचा क्रमांक आणि दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय यंत्र टेम्पोत चढवू देऊ नये.