रिलायबिलिटी मॉनिटर: विंडोजमध्येच पडून असलेलं टूल, माझ्याकडून पाचात चार

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, सोसायटीची वार्षिक सभा 30 तारखेच्या आत घ्यायलाच लागते, खजिनदार मी (दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून झालो, ते जाऊ दे), आणि वर्षभराच्या मेन्टेनन्सचा हिशोब ज्या एक्सेलमध्ये आहे ते एक्सेल बुधवारी सकाळी उघडेचना. क्लिक केलं की हिरवी पाटी क्षणभर दिसायची आणि गायब. ना एरर ना मेसेज. लॅपटॉप दोनदा बंद-चालू करून झाला, आमच्या हिला नेट बंद करायला लावून झालं, त्याचा काय संबंध ते मलाही माहीत नाही पण घाबरलेला माणूस काहीही करतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात नेला तर तिथल्या पोराने दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "काका, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल, दीड हजार." काय करप्ट झालंय विचारलं तर म्हणे असंच होतं कधी कधी. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला "मामा, फॉरमॅट बिरमॅट काही करू नकोस, आधी रिलायबिलिटी हिस्टरी उघड."

मी 2010 पासून विंडोज वापरतोय आणि हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. आणि हे टूल, म्हणजेच रिलायबिलिटी मॉनिटर, म्हणे जुन्या विंडोज व्हिस्टापासून आहे! स्टार्टच्या सर्चमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप केलं की व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी असं येतं, ते उघडायचं. पहिल्यांदा रिपोर्ट बनवायला वेळ घेतं, माझ्याकडे चहा अर्धा होईपर्यंत नुसतं फिरत होतं. मग एक ग्राफ येतो, खाली तारखा, वर 1 ते 10 असा आकडा, कॉम्प्युटर किती ठणठणीत आहे त्याचा. प्रोग्रॅम कोसळला की त्या दिवसाखाली लाल फुली, इशारा असेल तर पिवळा त्रिकोण, आणि काही इन्स्टॉल किंवा अपडेट झालं असेल तर निळं आय. एवढंच आहे सगळं, पण हे एकाच कागदावर तारीखवार मांडलेलं असतं ना, तिथेच अर्धं काम होतं. आम्हा हिशोबवाल्यांना तर हे लगेच कळतं, रोजकीर्दच आहे ती.

माझ्याकडे बुधवारपासून लाल फुल्यांची रांग, सहा वेळा एक्सेल कोसळलेलं. आणि मंगळवारी संध्याकाळी एक निळं आय. दाबून बघितलं तर पीडीएफचं एक जुनं सॉफ्टवेअर (नाव घेत नाही) स्वतःच अपडेट झालेलं. मग ग्राफखालच्या यादीत लाल फुलीच्या नोंदीवर डबल क्लिक केलं, तिथे फॉल्ट मॉड्यूल नेम (कोणत्या फाइलमध्ये गडबड झाली तिचं नाव) अशी एक ओळ असते, तीच खरी कामाची, त्यात एक्सेलची फाइल नव्हतीच, त्या पीडीएफवाल्याची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमची मदतनीस फाइल, होती. त्याने एक्सेलमध्ये आपलं बटण घुसवलेलं असतं, अ‍ॅड-इन म्हणतात त्याला, आणि एक्सेल उघडताना ते आधी लोड व्हायला जायचं आणि एक्सेललाच घेऊन पडायचं.

पुढचं काम पाच मिनिटांचं. कंट्रोल बटण दाबून धरून एक्सेलवर क्लिक करायचं, सेफ मोडमध्ये उघडू का विचारतं, हो म्हणायचं. उघडलं! फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली मॅनेजमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स निवडून गो, आणि त्या पठ्ठ्याची टिक काढली. नंतर नेहमीसारखं उघडलं, हिशोब जसाच्या तसा. दीड हजार वाचले, त्यात भाच्याला मिसळ खिलवली.

आता एक स्टार का कापला ते. एक तर हे टूल काही दुरुस्त करत नाही, फक्त चहाडी करतं. त्यातलं चेक फॉर सोल्यूशन्स बटण मी चार वेळा दाबलं, एकदाही काही हाती लागलं नाही. दुसरं, मॉड्यूलच्या जागी एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं विंडोजच्याच फाइलचं नाव आलं तर लगेच विंडोज खराब झालं असं समजू नका, भाचा म्हणाला तिथे नुसतं प्रेत सापडतं, खून बहुतेक वेळा दुसरीकडे झालेला असतो. तेव्हा आजूबाजूच्या तारखांना काय नवीन आलं तेच बघायचं. आणि तिसरं म्हणजे प्रोग्रॅम कोसळला किंवा हँग होऊन बंद पडला तरच त्याची लाल फुली पडते. कधी कधी जुनाच प्रोग्रॅम मागे अडकून बसलेला असतो म्हणून नवीन उघडत नाही, तेव्हा इथे काहीच दिसणार नाही. त्याला कंट्रोल शिफ्ट एस्केप, टास्क मॅनेजरमध्ये तो शोधून एंड टास्क. हे खरं तर सगळ्यात आधी करून बघायचं.

बाकी प्रोग्रॅम उघडताना व्हीसीरनटाइम140 नावाची डीएलएल सापडत नाही असा मेसेज येत असेल तर ती फाइल कुठल्या तरी साइटवरून उतरवू नका हो, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल (असल्या फाइलींचा संच) फुकट मिळतं ते टाका. आणि स्टोअरमधून घेतलेलं अ‍ॅप असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सला रिपेअर आणि रीसेट दोन्ही असतात, आधी रिपेअर. रीसेटने अ‍ॅपमधला डेटा उडतो.

सभा झाली वेळेत. चेअरमन काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले माझ्या लॅपटॉपवर पण दाखव, उघडलं तर आकडा 1.9 आणि लाल फुल्या इतक्या की तारखा मोजायला नको. काका म्हणाले, "एक नंबर आहे म्हणजे चांगलंच ना?"