दापोडीचा शेजार आणि समुद्राचे पाणी : अल्फा लावालच्या जहाजी यंत्रणांचे परीक्षण

पुणे-मुंबई रस्त्यावर हॅरिस पूल ओलांडल्यावर दापोडीत लागणारा अल्फा लावालचा कारखाना पुणेकरांना परिचित आहे. मात्र या स्वीडिश कंपनीची यंत्रे जहाजांच्या इंजिनरूममध्ये किती मुरलेली आहेत, हे बोटीवर नोकरी केलेल्यांनाच ठाऊक असते. गेली काही वर्षे ही कंपनी पर्यावरण-तंत्रज्ञानाचा आग्रहाने पुरस्कार करते. प्युअरबिल्ज, प्युअरबॅलास्ट आणि प्युअरसॉक्स या तिच्या तीन जहाजी यंत्रणा एकाच मापाने तोलता येत नाहीत, असे माझे मत आहे. जिथे कंपनीचे मूळ कसब कामी आले आहे, तिथे यंत्र अधिक भरवशाचे ठरते.

ते कसब आहे गरगर फिरवून वेगळे करण्याचे. गुस्ताफ डी लावाल यांनी 1878 मध्ये दुधातून साय काढणाऱ्या सेपरेटरचे पेटंट घेतले आणि 1883 मध्ये ऑस्कर लाम यांच्यासह कंपनी स्थापन केली. हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या भांड्यात जड पदार्थ कडेला आणि हलका मध्याकडे जातो, एवढेच त्याचे तत्त्व. जहाजावर हेच भांडे प्युरिफायर म्हणून आले आणि जड इंधनातील पाणी व गाळ काढून इंजिन वाचवू लागले.

पुढे जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजातून समुद्रात सोडायच्या बिल्जच्या (जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट) पाण्यात तेलाचे प्रमाण 15 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 15 भाग) वर असू नये, असा दंडक आला आणि त्याच भांड्याचे काम उलटले : पूर्वी तेलाला पाण्यापासून जपायचे होते, आता पाण्याला तेलापासून. प्युअरबिल्ज या गरजेतून जन्मली. गुरुत्वाकर्षणावर चालणारा जुना ओडब्ल्यूएस, म्हणजे तेल-पाणी विभाजक, जहाज डोलू लागले की बिथरतो आणि त्याचे कोअलेसर (तेलाचे बारीक थेंब एकत्र आणणारे भाग) गाळाने तुंबतात. मग काही जहाजांवर ‘मॅजिक पाइप’ जोडून पाणी परस्पर समुद्रात सोडण्याचे गुन्हेही घडले. प्युअरबिल्जसारख्या गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल यंत्राला डोलण्याचा फारसा त्रास होत नाही, कोअलेसर बदलण्याचा खर्चही वाचतो. साबणाने घट्ट झालेले इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण, मात्र त्यालाही दमवते, म्हणून इंजिनरूम कोणत्या डिटर्जंटने धुतली जाते, याकडे चीफ इंजिनिअरने लक्ष द्यायलाच हवे. वीज आणि किंमत जास्त असली, तरी मोठ्या जहाजासाठी मी याची निःसंकोच शिफारस करीन.

2006 मध्ये बाजारात आलेल्या प्युअरबॅलास्टचा गाभा कंपनीच्या जुन्या कसबातला नाही. ती वालेनियस वॉटर या दुसऱ्या स्वीडिश कंपनीच्या साथीने साकारली. बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या, पाण्यातून परक्या बंदरांत जाणारे जीव तिथल्या स्थानिक जीवसृष्टीवर कुरघोडी करतात. तो धोका टाळण्यासाठी 2004 मध्ये संमत झालेला आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 रोजी अमलात आला. त्याच्या मानकानुसार 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरमागे 10 पेक्षा कमी असावे लागतात. यंत्रणा पाणी आधी गाळते, मग त्यावर अतिनील किरण सोडते. पाणी बाहेर टाकताना किरणांचा मारा पुन्हा होतो. रसायन साठवायला लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. पण गढूळ पाण्यात किरण खोलवर पोहोचत नाहीत. खंभातचे आखात किंवा हुगळीचे मुख अशा ठिकाणी बॅलास्ट घ्यायचे असेल, तर विजेची मागणी वाढते किंवा पाण्याचा प्रवाह कमी करावा लागतो आणि बंदरातला वेळ लांबतो. जहाज नेहमी कोणत्या पाण्यात फिरते, हे मालकाने खरेदीपूर्वी तपासलेच पाहिजे.

प्युअरसॉक्सबद्दल मी साशंक आहे. 2011 मध्ये आल्बोर्ग इंडस्ट्रीज विकत घेतल्यावर स्क्रबरचा, म्हणजे इंजिनाच्या धुरातील गंधक धुऊन काढणाऱ्या यंत्राचा, हा व्यवसाय कंपनीकडे आला आणि 1 जानेवारी 2020 पासून इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आल्याने त्याला उठाव मिळाला. यंत्र धूर धुण्याचे काम चोख करते; पण ओपन-लूप पद्धतीत धुतलेले पाणी समुद्रातच जाते, म्हणजे हवेतले लचांड पाण्याच्या गळ्यात. सिंगापूरने त्याच दिवसापासून आपल्या बंदरात असे पाणी सोडण्यास मनाई केली. त्यामुळे घ्यायचाच असेल, तर ओपन-लूप आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारी क्लोज्ड-लूप अशा दोन्ही पद्धतींनी चालणारा हायब्रिड स्क्रबर घ्यावा. ज्या जहाजाचे आयुष्य थोडेच उरले आहे, त्याच्या मालकाने कमी गंधकाचे इंधन घेणे अधिक शहाणपणाचे.