विंडोजशेजारी उबुंटू: ड्युअल बूट करावं की व्हर्च्युअल मशीन?

सोलापुरात अनेक घरी एकच पीसी असतो. दिवसा त्यावर टॅली चालतं, चादरी-टॉवेलची बिलं निघतात. संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या मुलीला त्याच पीसीवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) हवं असतं. टॅलीला विंडोज लागतं, म्हणजे विंडोज काढायचा विषयच नाही. मग वाटा दोन: ड्युअल बूट, म्हणजे पीसी सुरू करताना विंडोज की उबुंटू ते निवडायचं; किंवा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच उबुंटू चालवायचं.

आधी रॅम बघा. व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालतात, त्यामुळे ८ जीबीत दोघींची ओढाताण होते. १६ जीबी असेल आणि टर्मिनल, सी, पायथन एवढंच शिकायचं असेल, तर सरळ व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. उबुंटू बिघडलं तर ते मशीन डिलीट करून नवं करायचं. टॅलीच्या डेटाला धक्का नाही.

ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच सिस्टिम, म्हणून सगळी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तिलाच. जुन्या मशीनवर हा फरक लगेच जाणवतो. मात्र गिऱ्हाईक बिल मागत असताना पीसी उबुंटूत असेल, तर रीस्टार्ट होईपर्यंत त्याला थांबवावं लागतं.

शिवाय बारीकसारीक कटकटी असतात. उबुंटू वापरून सकाळी ११ ला विंडोज लावलं, की घड्याळ पहाटेचे साडेपाच दाखवतं. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. उबुंटूत एक कमांड दिली की हे मिटतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न करण्याची सोय) चालू राहिलं, तर उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फायली उघडतात, पण सेव्ह होत नाहीत. ते आधीच बंद करा.

खरी भीती पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या विभागाची. उबुंटूला जागा करायला विंडोजचं पार्टिशन लहान करताना लाइट गेली तर हिशेबाचा डेटा जाऊ शकतो. म्हणून माझं स्पष्ट मत: डेस्कटॉप असेल तर उबुंटूसाठी वेगळी एसएसडी घ्या. उबुंटूला २५ जीबी पुरते, २४० जीबीची डिस्क भरपूर झाली. इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) तिकडे जाणारच नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० (सुरक्षा चिप) नसल्यामुळे विंडोज ११ बसत नसेल, तर ड्युअल बूटचं पारडं आणखी जड: बँकेची कामं आणि मेल उबुंटूतून करा.

लॅपटॉपला डिस्कसाठी एकच स्लॉट आणि ८ जीबी रॅम असेल, तर त्याच डिस्कवर ड्युअल बूट करा. आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि चार्जर लावूनच कामाला बसा.