२४एए०२ई४८ – आठ महिने वापरल्यावर : मॅक ॲड्रेस पक्का, पण आयटूसी बसवर आठ जागा अडवते

डब्ल्यू५५०० या इथरनेट चिपमध्ये स्वतःचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरची वेगळी ओळख, नसतो. दर पॉवर-अपला शार (मॅक ठेवायच्या) रजिस्टरचे सहा बाइट आपल्याच कोडने भरावे लागतात. उदाहरण-कोडमधला डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी तसाच ठेवून दोन बोर्ड एका स्विचला लावले, की दोन्ही आळीपाळीने गायब होतात. ती कटकट २४एए०२ई४८ या मेमरी चिपने संपवली; तिच्यात मॅक आधीच लिहिलेला येतो. आयटूसीवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) हेक्स ५० या पत्त्याला जायचं, मेमरीत हेक्स एफएपासून सहा बाइट वाचायचे, शारमध्ये लिहायचे. चिपच्या मेमरीचा वरचा अर्धा भाग कायमचा लॉक असतो, त्यामुळे पत्ता चुकूनही पुसला जात नाही.

आता खटकणारी गोष्ट, आणि ती लहान नाही. ही चिप ५० ते ५७ या आठही पत्त्यांना ओ देते. डेटाशीटमध्ये पत्त्याचे शेवटचे तीन बिट ‘डोंट केअर’ (काहीही चालेल) लिहिलेत, पण एका ओळीत; बसवरचे पत्ते शोधणारा स्कॅनर चालवला की आठ चिपा दिसतात तेव्हा लक्षात येतं. डीएस३२३१ या घड्याळ-चिपच्या मॉड्यूलवरचा एटी२४सी३२ हा मेमरी चिप नेमका ५७ वर बसतो. पॅड जोडून तो ५६ वर नेला तरी उपयोग शून्य.

बिघाड फसवा आहे. एटी२४सी३२ला मेमरीतल्या जागेचा दोन बाइटचा पत्ता लागतो, हिला एकाचाच. त्यामुळे वाचण्यासाठी पाठवलेला दुसरा बाइट ही डेटा समजते. मध्ये स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण) दिला तर तो बाइट हिच्या खालच्या अर्ध्या भागात लिहिला जातो. लिहिण्यात गुंतली असताना ती गप्प बसते, म्हणून एटी२४सी३२मधून वाचलेलं बरोबर येतं आणि इकडे हिच्यात साठवलेली सेटिंग बिघडत राहतात! रिपीटेड स्टार्ट (स्टॉप न देता पुन्हा सुरुवात) दिला तर दोन्ही चिपा एकदम बोलतात, आणि ज्या बिटला एक जरी शून्य असेल तिथे शून्यच वाचलं जातं. मॅक मात्र दोन्ही वेळा शाबूत.

आधी ही चिप सोडून वेगळाच उपाय करावा असं ठाम मत होतं. आता म्हणेन, २४एए०२५ई४८ घ्या: पत्त्याच्या पिना खऱ्या, मॅक त्याच जागी. फक्त एसओआयसी-८ या आठ पायांच्या पॅकेजमध्येच घ्या. पिन १, २, ३ ग्राउंडला असतील तर जुन्याच बोर्डवर बसते आणि फक्त ५० ला उत्तर देते. पाच पायांच्या एसओटी-२३ वर अडकलात तर पीसीबी नव्याने करावी लागेल. तो खर्च टाळता येण्यासारखा होता, याचाच जास्त राग येतो.

कोडमध्ये पहिला बाइट विषम आला तर शारमध्ये लिहू नका. विषम म्हणजे मल्टिकास्ट, एका उपकरणाचा नव्हे तर गटाचा पत्ता. सोल्डर सुटल्यावर येणारे एफएफसुद्धा याच तपासणीत सापडतात. पहिले तीन बाइट ००-०४-ए३ असलेच पाहिजेत अशी अट मात्र घालू नका, दुसऱ्या लॉटमध्ये डी८-८०-३९ येऊ शकतात.

पैसे वाचवायला एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या ९६ बिटांच्या यूआयडीवरून (चिपच्या वेगळ्या क्रमांकावरून) मॅक बनवणार असाल तर बाराही बाइटांचा हॅश (सगळे मिसळून काढलेला छोटा आकडा) घ्या. शेवटचे चार बाइट लॉट नंबरचे असतात, एकाच रीळमधल्या चिपांत ते सारखे निघू शकतात. पहिला बाइट ०२ ठेवा, म्हणजे पत्ता स्वतः बनवलेला आहे हे कळतं.