खिडकीची झालर: चुण्यांची की सपाट?

समुद्रकिनाऱ्याचा भास हवा, तर रंग ठरलेलेच: पांढरा, वाळूचा, निळा. खरा प्रश्न झालरीच्या, म्हणजे खिडकीच्या वरच्या आखूड पडद्याच्या, शिवणीचा. चुण्यांच्या झालरीला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं, पण शिवण अगदी सोपी. वर दांडी ओवायला नेफा, खाली दुमड, झालं. नेफा दांडीपेक्षा बोटभर सैल ठेवा, म्हणजे चुण्या सहज सरकतात. पातळ सुती कापड यात फार सुंदर दिसतं, वाऱ्यावर हलतं. मात्र निळे-पांढरे पट्टे किंवा शिंपल्यांची नक्षी चुण्यांत हरवते. तिथे सपाटच शिवा. कापड कमी लागतं, पण अस्तर हवं, नाहीतर उजेडात दुमड आरपार दिसते. पट्टा जरा तिरका कापला गेला तरी खटकतो. पहिल्यांदाच शिवत असाल तर माझं मत चुण्यांना. सुती कापड आटतं, तेव्हा आधी धुऊन, इस्त्री करूनच कापा.