ओमेगा स्पीडमास्टर, १६ महिन्यांनंतर : गुंतवणूक मोडून घेतलेल्या घड्याळाचा अनुभव

सोळा महिन्यांपूर्वी मी म्युच्युअल फंडातील काही युनिट्स विकली आणि त्या पैशांतून ओमेगाचे ‘स्पीडमास्टर प्रोफेशनल’ घेतले. घेण्याआधी कित्येक आठवडे मी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करत होतो : साठवलेली गुंतवणूक मोडून इतके महाग घड्याळ घ्यावे का? जी मते वाचायला मिळाली ती दोन टोकांची होती. काही जण घड्याळालाच गुंतवणूक म्हणत होते आणि काही जण त्याला निव्वळ उधळपट्टी ठरवून मोकळे होत होते. प्रत्यक्ष गुंतवणूक मोडून, ते घड्याळ वर्षभर मनगटावर वागवून, मग हिशेब मांडणाऱ्या माणसाचा अनुभव मला सापडला नाही, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

पैसे कुठून आले हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. निम्मी रक्कम अशा एका फंडातून आली, ज्यात मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सहज म्हणून पैसे घातले होते आणि ज्याचे पुढे काय करायचे हे कधीच ठरवले नव्हते. उरलेली निम्मी रक्कम मुलीच्या उच्च शिक्षणासाठी लावलेल्या इंडेक्स फंडातून, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडातून काढली. ते शिक्षण अजून नऊ वर्षे दूर होते, तेवढ्या काळात ही तूट सहज भरून काढू, असे मी स्वतःला समजावले. पत्नीने त्या वेळी एकच प्रश्न विचारला होता : “हे पैसे तू कशासाठी ठेवले होतेस?” मी पहिल्या निम्म्याचे उत्तर दिले आणि दुसऱ्या निम्म्याबद्दल गप्प राहिलो.

आता घड्याळाविषयी. माझ्याकडे आहे ते ४२ मिलिमीटरचे, पोलादी, हेसालाइटच्या काचेचे, ३८६१ क्रमांकाचे यंत्र असलेले, २०२१ साली बाजारात आलेले रूप. त्याला बॅटरी नाही आणि हाताच्या हालचालीने ते आपोआप भरतही नाही, त्यामुळे रोज चावी द्यावी लागते. पूर्ण चावी दिल्यावर ते सुमारे ५० तास चालते. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवले तर सोमवारी सकाळी ते बंद पडलेले आढळते. सुरुवातीला मला ही अडचण वाटली होती. आता सकाळी उठल्यावर चावी घट्ट लागेपर्यंत फिरवणे हाच या घड्याळाचा मला सर्वांत आवडणारा भाग झाला आहे. नव्या वस्तूचे कौतुक तीन महिन्यांत ओसरेल असा माझा अंदाज होता. तबकडीकडे पुन्हा पुन्हा बघत राहण्याचे कौतुक खरोखरच ओसरले. पण चावी देण्यातला आनंद ओसरला नाही, आणि वस्तूकडे बघण्याचा आनंद व ती वापरण्याचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला इथे प्रथम कळले.

अचूकतेबद्दल बोलायचे तर माझे घड्याळ दिवसाला साधारण दोन सेकंद पुढे जाते. स्वित्झर्लंडच्या ‘मेटास’ या मापनशास्त्र संस्थेच्या कसोटीनुसार अशा यंत्राने दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे जाण्याची मुभा आहे, आणि १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्राचाही त्यावर परिणाम होता कामा नये. यांत्रिक घड्याळासाठी ही उत्तम कामगिरी आहे. तरीही, केवळ अचूक वेळ हवी असेल तर सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या स्फटिकावर चालणारे कोणतेही साधे क्वार्ट्झ घड्याळ सामान्यतः याच्यापेक्षा सरस ठरते. हे माहीत असूनही यांत्रिक घड्याळ घ्यावेसे वाटत असेल, तरच त्याचा विचार करावा.

हेसालाइट ही एक प्रकारची प्लास्टिकची काच आहे. ती लवकर ओरखडते. पण इतर महागड्या घड्याळांतल्या नीलमणी (सॅफायर) काचेसारखी तुकडे होऊन फुटत नाही आणि पॉलिश लावून घासली की बारीक ओरखडे निघून जातात. मी आतापर्यंत दोनदा पॉलिश केले आहे. काचेच्या मध्यभागी कंपनीचे अतिशय छोटे चिन्ह कोरलेले असते, ते मला पाचव्या महिन्यात एका तिरप्या प्रकाशात पहिल्यांदा दिसले आणि त्या दिवशी झालेला आनंद खरा होता. जलरोधकता ५० मीटरची म्हणून सांगितली जाते, तरी पोहायला जाताना मी हे घड्याळ घालत नाही, आणि त्यातल्या स्टॉपवॉचची बटणे ओल्या हाताने दाबत नाही. ते स्टॉपवॉच मात्र मी जवळजवळ रोज वापरतो : चालण्याचा वेळ, बैठकीतले माझे बोलणे, मुलीच्या गणिताच्या सरावाची वीस मिनिटे. कडेवरच्या टॅकिमीटरवर, म्हणजे वेगाच्या आकड्यांच्या पट्टीवर, एक किलोमीटर अंतर कापतानाचा वेग वाचता येतो. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवर असतो. मुलीला वेग आणि वेळ यांचे व्यस्त प्रमाण त्या कडेवर बोट ठेवूनच समजले.

इतिहासाचे आकर्षण मलाही होते. हे घड्याळ १९५७ साली आले, १ मार्च १९६५ रोजी नासाने त्याला मानवी अवकाश मोहिमांसाठी पात्र ठरवले, १९६९ साली ते चंद्रावर पोहोचले आणि १९७० साली अपोलो १३ च्या परतीच्या प्रवासात यानाची दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवताना अंतराळवीरांनी त्यावर वेळ मोजली. हे सगळे खरे आहे. पण चंद्रावर गेलेल्या घड्याळात ३२१ क्रमांकाचे यंत्र होते, माझ्या घड्याळातले यंत्र अनेक पिढ्यांनंतरचे आहे. इतिहासामुळे आपुलकी वाटते, एवढेच त्याचे मोल धरावे. गुंतवणूक मोडण्याच्या हिशेबात त्याला जागा देऊ नये.

तो हिशेब मी खरेदीच्या वेळी अपुरा मांडला होता. मी फक्त दुकानात भरायची रक्कम पाहिली. नफ्यात असलेली युनिट्स विकताना त्या नफ्यावर कर लागतो आणि काही फंडांत लवकर पैसे काढल्याचे शुल्कही जाते. समजा विकलेल्या रकमेतला ६० टक्के भाग नफ्याचा आहे आणि त्यावर १५ टक्के कर आहे, तर १०० विकल्यावर हातात ९१ येतात. म्हणजे १०० चे घड्याळ घेण्यासाठी सुमारे ११० ची गुंतवणूक मोडावी लागते. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतील, पण मोडायची रक्कम किमतीपेक्षा मोठी असणार हे गृहीत धरावे. शिवाय विमा आहे, आणि साधारण पाच ते आठ वर्षांनी करावी लागणारी सर्व्हिसिंग आहे, जी स्टॉपवॉच असलेल्या यंत्राला साध्या घड्याळापेक्षा जास्त महाग पडते.

यापेक्षा मोठा खर्च डोळ्यांना दिसत नाही. वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. मुलीच्या फंडातून मी घड्याळाच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम काढली, आणि तिचे शिक्षण नऊ वर्षांवर होते. म्हणजे त्या निम्म्या रकमेचे, तिची गरज लागण्याच्या दिवशी, एका पूर्ण घड्याळाइतके पैसे झाले असते. ही वाढ कोणीही हमीने देत नाही, बाजार खालीही जाऊ शकतो. पण नऊ वर्षे हात न लावता ठेवायच्या पैशाबाबत मी हीच अपेक्षा धरून ती गुंतवणूक सुरू केली होती, तेव्हा घड्याळ घेताना ती विसरण्याचे मला काही कारण नव्हते.

आणि इथेच या सोळा महिन्यांतला माझा खरा अनुभव आहे. बिनकामाच्या फंडातून आलेली निम्मी किंमत मला एकदाही बोचलेली नाही. ते पैसे गेले याची आठवणही होत नाही, जणू ते याच खरेदीसाठी इतकी वर्षे पडून होते. मुलीच्या फंडातून आलेली निम्मी किंमत मात्र दर महिन्याला फंडाचे विवरणपत्र आले की बोचते. घड्याळ एकच, रक्कमही सारखीच, तरी दोन्ही निम्म्यांचा भार वेगळा आहे. सुरुवातीला मला वाटले की विक्रीनंतर बाजार वर गेला म्हणून हा पश्चात्ताप होत असावा. पण बाजार तर दोन्ही फंडांसाठी वर गेला होता. फरक इतकाच होता की एका पैशाला आधीच काम नेमून दिलेले होते आणि ते काम मी कोणाला न विचारता काढून घेतले होते, ज्या मुलीचे ते काम होते तिला तर नाहीच.

“घड्याळ हीसुद्धा गुंतवणूकच आहे” या युक्तिवादाने मीही स्वतःला धीर दिला होता, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. २०२० नंतर रोलेक्स डेटोना, पाटेक फिलिप नॉटिलस, ऑडेमार पिगे रॉयल ओक अशा मोजक्या घड्याळांचे, वापरलेल्या घड्याळांच्या बाजारातले भाव झपाट्याने चढले, २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेले आणि नंतर बरेच उतरले. चढत्या भावांच्या काळातल्या कहाण्या अजून सांगितल्या जातात, उतरत्या भावांत अडकलेल्यांच्या फारशा सांगितल्या जात नाहीत. ज्या घड्याळांचे भाव चढले, ती बहुतेकांना दुकानातल्या छापील किमतीला मिळतही नव्हती. जे घड्याळ दुकानात जाऊन सहज विकत घेता येते, त्याला दुसऱ्याने जास्त पैसे का द्यावेत? नवव्या महिन्यात, केवळ जाणून घेण्यासाठी, मी वापरलेल्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्याकडे चौकशी केली. डबा, कागदपत्रे, हमी सगळे जागेवर असूनही त्याने सांगितलेला आकडा मी भरलेल्या रकमेपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी होता. यात त्याची लबाडी नव्हती. त्याला तपासणी करायची होती, भांडवल अडकवायचे होते आणि स्वतःचा नफाही ठेवायचा होता. मला एवढेच कळले की फंडाची युनिट्स ज्या दिवशी विकायची त्या दिवशीच्या जाहीर भावाने विकता येतात, घड्याळ मात्र समोरचा देईल त्या भावाने विकावे लागते. फंडातल्या कंपन्या धंदा करतात, नफा कमावतात, त्यातून मूल्य वाढते. घड्याळ काहीच कमावत नाही आणि सर्व्हिसिंगला पैसे मागते. म्हणून ते घेताना दिलेली सगळी रक्कम खर्च झाली असे समजूनच घ्यावे. पुढे काही परत मिळाले तर ते मिळाले.

हे सगळे लिहूनही घड्याळ विकावे असे मला वाटत नाही. आज कोणी मला हाच प्रश्न विचारला, तर मी घड्याळाचे नाव विचारण्याआधी कोणत्या फंडातून पैसे काढणार हे विचारीन. आपत्कालीन निधी, कर्जफेडीचे पैसे, मुलांचे शिक्षण, निवृत्ती यांपैकी कशालाही हात लागत असेल तर माझे उत्तर स्वच्छ नकार असेल, घड्याळ कितीही चांगले असो. ज्याला कोणतेच काम नेमलेले नाही असा पैसा असेल, कर धरूनही पुरत असेल आणि ती विक्री एकूण गुंतवणुकीच्या अगदी लहान हिश्शाची असेल, तर मी आनंदाने घ्या म्हणेन, आणि घेतल्यावर कपाटात ठेवू नका, रोज घाला असेही सांगेन. मधला एक मार्ग माझ्या वेळी मला सुचला नाही, तो असा : माझ्याकडे निम्मे बिनकामाचे पैसे होते, तेव्हा उरलेले निम्मे वेगळे साठवत सुमारे दीड वर्ष थांबता आले असते. तेवढा काळ थांबूनही ते घड्याळ हवेसे वाटले असते, याची मला आज खात्री आहे. म्हणजे मी ज्या घाईसाठी मुलीच्या फंडाला हात लावला, ती घाई फक्त दीड वर्षाची होती.

खरेदीनंतर पाचव्या महिन्यापासून मी ती तूट भरायला सुरुवात केली. आधी मी काढलेल्या रकमेचा आकडा समोर ठेवला होता, पण लवकरच लक्षात आले की भाव वाढल्यामुळे तेवढ्याच रकमेत आता कमी युनिट्स येतात, आणि रक्कम पूर्ण झाली तरी फंड पूर्ववत होणार नाही. म्हणून आता मी युनिट्सच मोजतो. विकली होती तितकी युनिट्स पुन्हा जमा व्हायला हवीत. नेहमीच्या मासिक गुंतवणुकीव्यतिरिक्त दर महिन्याला एक वेगळा हप्ता जातो, आणि या महिन्याच्या विवरणपत्रानुसार विकलेल्या युनिट्सपैकी सुमारे दोन तृतीयांश परत आली आहेत.