केनपॉम: पुढच्या हंगामाचे सामने ओळखताना कितपत उपयोगी?

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला संपतो आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत चाहत्यांच्या हाती उरतो तो अंदाज: आपला संघ पुढच्या वर्षी कॉन्फरन्सबाहेर (कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) कोणाशी खेळणार, कुठे खेळणार आणि त्यातले किती सामने जिंकणार. कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धी ठरलेलेच असतात. बाहेरचे सामने मात्र कोच आणि त्यांचे सहकारी एकेक करार करून जमवतात, आणि संघाची महत्त्वाकांक्षा तिथेच दिसते. हा अंदाज बांधताना केन पोमरॉय यांच्या केनपॉम या संघांचे गुणांकन करणाऱ्या सशुल्क सेवेचा किती उपयोग होतो, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. वर्षाची वर्गणी सुमारे 25 डॉलर आहे. माझे मत असे की सामन्यांचे मोल जोखण्यासाठी ही सेवा अव्वल आहे, परंतु प्रतिस्पर्ध्यांची नावे ती सांगत नाही आणि तशी अपेक्षा ठेवून वर्गणी भरणाऱ्याची निराशा होईल.

पोमरॉय मूळचे हवामानशास्त्रज्ञ आहेत आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत त्यांनी काम केले आहे. त्या शिस्तीचा ठसा या सेवेवर स्पष्ट आहे, कारण येथे ‘अमुक संघ जिंकेल’ असे ठाम विधान नसते. अपेक्षित गुणसंख्या आणि विजयाची टक्केवारी असते. प्रत्येक संघ 100 पझेशनमागे (चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्यांमागे) किती गुण करतो आणि किती गुण देतो, हे प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि सामन्याची जागा लक्षात घेऊन मोजलेले असते. कॉन्फरन्सबाहेरच्या वेळापत्रकाची कठीणता दाखवणारा स्वतंत्र स्तंभ मुख्य तक्त्यातच आहे, आणि आमच्यासारख्यांची नजर आधी तिकडेच जाते.

गोंझागा या वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठाच्या संघाचे उदाहरण घेऊन हे तपासणे सोयीचे आहे, कारण 1999 पासून मार्क फ्यू यांच्या हाती असलेल्या या संघाइतकी कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांवर भिस्त ठेवणारे संघ फार थोडे आहेत. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये वजनदार विजय मिळवण्याची संधी मोजकी असल्याने जे काही कमवायचे ते नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्येच कमवावे लागत असे. या संघाची जुनी पाने केनपॉमवर सलग वाचली की साचा दिसू लागतो. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात एक मोठी स्पर्धा: 2022 मध्ये पोर्टलंडची फिल नाइट लेगसी, 2023 मध्ये माउई इन्व्हिटेशनल, 2024 मध्ये बहामाजमधली बॅटल फॉर अटलांटिस, 2025 मध्ये लास व्हेगासची प्लेयर्स एरा. त्याच्या आगेमागे दोन-चार नामवंत संघांशी सामने, बहुधा सिअॅटलसारख्या मोठ्या शहरातल्या न्यूट्रल, म्हणजे दोघांच्याही घरच्या नसलेल्या, कोर्टवर. उरलेल्या तारखांना 6,000 आसनांच्या घरच्या मॅकार्थी सेंटरवर पैसे देऊन बोलावलेले दुबळे संघ. हा साचा हाती आला की पुढच्या वर्षाचे निम्मे वेळापत्रक कागदावर मांडता येते, आणि माझ्या मते उन्हाळ्यात या सेवेचा खरा उपयोग तिच्या या जुन्या नोंदींचाच आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र नियम आणि करार माहीत असावे लागतात, आणि तेथे केनपॉम मुके आहे. गोंझागा आणि केंटकी यांच्यातील सहा वर्षांची मालिका 2022 मध्ये सुरू झाली, म्हणून 2026-27 मध्ये तिचा पाचवा सामना धरून चालावे, हे कोणत्याही गुणांकनातून कळत नाही. एकाच बहुसंघीय स्पर्धेत चार वर्षांतून एकदाच खेळता येत असे, या जुन्या नियमामुळे वरची चार नावे वेगवेगळी दिसतात. खेळाडूंना मोठी रक्कम मिळवून देणाऱ्या प्लेयर्स एरासारख्या स्पर्धा अनेक वर्षांचे करार करू लागल्यापासून ती खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. त्यात 2026 च्या उन्हाळ्यात गोंझागा वेस्ट कोस्ट सोडून पॅक-12 या कॉन्फरन्समध्ये दाखल होत आहे आणि त्याच हंगामापासून सामन्यांची कमाल मर्यादा 31 वरून 32 होत आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्या नऊ सदस्यांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे म्हटले तर कॉन्फरन्सचे 16 सामने होतात आणि बाहेरच्या सामन्यांसाठी 16 जागा उरतात. वेस्ट कोस्टच्या 18 सामन्यांच्या दिवसांत त्या 13 असत. शिवाय सॅन डिएगो स्टेटसारखा आजवर बाहेरचा म्हणून खेळलेला तगडा प्रतिस्पर्धी आता घरचाच होणार, म्हणजे ती जागाही नव्याने भरावी लागणार. अंदाज बांधणाऱ्याने आधी ही बेरीज-वजाबाकी पूर्ण करावी आणि मगच गुणांकनाकडे वळावे.

जागा मोजून झाल्या की कोणत्या जागेवर कशा दर्जाचा संघ लागतो, हा प्रश्न येतो. तेथे केनपॉमची बरोबरी करणारे मला फारसे काही दिसत नाही. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती 2018-19 पासून नेट ही क्रमवारी वापरते आणि विजयांची चार गटांत विभागणी करते. पहिल्या गटात मोडण्यासाठी प्रतिस्पर्धी आपल्या मैदानावर नेटच्या पहिल्या 30 मध्ये, न्यूट्रल कोर्टवर पहिल्या 50 मध्ये आणि त्याच्या मैदानावर पहिल्या 75 मध्ये असावा लागतो. साठाव्या क्रमांकाच्या संघाला घरी बोलावण्यापेक्षा त्याच्याकडे जाऊन खेळणे म्हणूनच अधिक मोलाचे ठरते, आणि त्या प्रवासाची जोखीम किती हे केनपॉमची टक्केवारी नेमके सांगते. दुबळ्या संघांबाबतही हेच लागू होते. घरी 180 व्या क्रमांकाच्या संघाला हरवा किंवा 350 व्या, दोन्ही विजय चौथ्याच गटात जातात. पण 180 वा संघ एखाद्या वाईट रात्री आपल्याला हरवून जाऊ शकतो, आणि अशा सामन्यासाठी पाहुण्यांना अनेकदा 80 हजार ते 1 लाख डॉलर मोजलेले असतात. दुसऱ्या बाजूने, सगळेच पाहुणे तळाचे बोलावले तर कठीणतेचा आकडा कोसळतो आणि समितीच्या नजरेत भरतो. हा तोल कोणता कोच कसा सांभाळतो ते जुन्या पानांवर दिसते. त्यातून तयार झालेला अंदाज नावाने चुकला तरी दर्जाने बरोबर ठरतो, आणि मी तोच यशस्वी मानतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. गुणांकन आणि समितीचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंझागाचा 2024-25 चा हंगाम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीकडून जादा वेळेत, तर युकॉन आणि यूसीएलएकडून अनुक्रमे सहा आणि तीन गुणांनी हा संघ हरला. केंटकीविरुद्धचा निकाल 90-89 असा होता. थोडक्यात हरणाऱ्या संघाला केनपॉम फारशी शिक्षा करत नाही, त्यामुळे मार्चमध्ये गोंझागा तेथे पहिल्या दहात होता. समितीने मात्र त्याला आठवे मानांकन (म्हणजे स्पर्धेच्या चार विभागांपैकी आपल्या विभागात आठवे स्थान) दिले आणि दुसऱ्याच फेरीत विभागातल्या अव्वल मानांकित ह्यूस्टनशी गाठ पडली. तेव्हा आपल्या संघाचे काल्पनिक वेळापत्रक मांडताना चार मोठे सामने प्रत्येकी 55 टक्के शक्यतेचे आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांपैकी दोन किंवा तीन हरल्यास मानांकनाचे काय होईल, तेही तपासून पाहावे. समितीच्या तक्त्यात 2024-25 पासून आलेले ‘विन्स अबव्ह बबल’ हे माप (निवडीच्या काठावरच्या संघाने त्याच वेळापत्रकात मिळवले असते त्यापेक्षा किती अधिक विजय) त्यासाठी अधिक योग्य आहे.

येथे बार्ट टॉर्विक यांच्या टी-रँकचा उल्लेख टाळता येणार नाही. ती सेवा विनामूल्य आहे, ‘विन्स अबव्ह बबल’चा स्तंभ तेथे मुख्य तक्त्यातच आहे आणि पुढच्या हंगामाचे अंदाज उन्हाळाभर बदलत्या खेळाडूंनुसार अद्ययावत होत राहतात. खेळाडूंना कॉलेज बदलू देणाऱ्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे एप्रिल-मेमध्ये संपूर्ण संघ उलटापालटा होत असताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मार्चमध्ये 20 वा असलेला प्रतिस्पर्धी जूनमध्ये 70 वा ठरू शकतो आणि मोठा म्हणून करार केलेला सामना एकाएकी सामान्य होऊन जातो. केनपॉमचे हंगामपूर्व आकडे ऑक्टोबरमध्ये येतात. तोपर्यंत तेथे गतवर्षीची क्रमवारीच समोर असते, आणि तीवरून पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाची कठीणता ठरवणे मला धोक्याचे वाटते. उन्हाळ्यापुरता माझा कौल म्हणूनच निःसंशय टी-रँकला आहे. दिसण्याच्या बाबतीत दोन्ही सेवा साध्या आहेत. आकड्यांच्या दाट तक्त्यांची सवय नसलेल्या वाचकाला सुरुवातीला थोडे जड जाईल.

ऑक्टोबरनंतर पारडे केनपॉमकडे झुकते. जाहीर झालेल्या वेळापत्रकातील प्रत्येक सामन्यासमोर अपेक्षित निकाल आणि विजयाची शक्यता येते, हंगामाची एकूण अपेक्षित कामगिरी कळते, आणि नोव्हेंबरमध्ये निकाल येऊ लागले की हंगामपूर्व अंदाजाचे वजन हळूहळू कमी होत जाताना दिसते. समितीचे नेट डिसेंबरपर्यंत प्रसिद्धच होत नाही, आणि कॉन्फरन्सबाहेरचे अनेक महत्त्वाचे सामने तोपर्यंत उरकलेले असतात. म्हणजे त्यांचा अर्थ लावण्याच्या ऐन वेळी समितीचे माप हाती नसते आणि केनपॉम असते. एवढ्या एका कारणासाठीही मी वर्गणी योग्य मानतो.

ज्यांना केवळ नावे ओळखण्यात रस आहे, त्यांनी सार्वजनिक विद्यापीठांचे उघड होणारे करार आणि पत्रकारांच्या बातम्या यांवर विसंबावे. त्यांना या सेवेची गरज नाही. ज्यांना त्या नावांचे वजन समजून घ्यायचे आहे, त्यांनी मेमध्ये घाई न करता हंगामपूर्व आकडे येतात तेव्हा, ऑक्टोबरमध्ये वर्गणी भरावी. जुन्या नोंदी चाळण्यासाठी लागणारा पुढचा उन्हाळा त्याच वर्षभरात येतो.